पाळकाचं घर

पाळकाच्या घरातल्या माणसांच्या रविवारच्या जागा ठरलेल्या असतात. पप्पा पुलपिटावर, आम्ही भावंडं पहिल्या बाकावर आणि आई पायपेटीपाशी. ही पायपेटी आईला तिच्या वडिलांनी दिलेली. नगर जिल्ह्यात पप्पांची जिथे जिथे बदली झाली तिथे ती आमच्यासोबत टेम्पोतून गेली. आई चपला बाजूला काढून अनवाणी पायांनी भाता मारायची. पेटीचा डावा पाय करकरायचा. पप्पांचा उपदेश संपत आलाय हे मंडळीला कळण्याआधी आईच्या पावलांना कळायचं. ‘आमेन’ म्हणेपर्यंत भात्यात हवा भरलेली असायची. त्या वाजवण्याचा पगार नव्हता आणि आभारही कुणी मानत नसे. पाळकीणबाई वाजवणारच, हे सगळ्यांनी धरलेलंच असायचं.

कॉलेजात मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग वाचू लागले तेव्हा त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या घरातच मी जास्त रमले, कारण तेही पाळकाचंच घर होतं. पुढे त्यांच्या वडिलांचं आत्मचरित्र हाती आलं आणि लेकापेक्षा बापानेच मला धरून ठेवलं. अटलांटात लोक त्यांना ‘डॅडी किंग’ म्हणत. जन्म 1897चा, जॉर्जियातल्या स्टॉकब्रिजचा, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबातला. बाप दारू पिऊन आईला मारायचा, आणि एकदा हा पोरगा मध्ये पडून बापाशी झुंजला. शाळेत मुलं चिडवायची, तुझ्या अंगाला खेचराचा वास येतो म्हणून. अटलांटात आला तेव्हा जेमतेम लिहिता-वाचता येत होतं. हा वाढलेला तरुण प्रचारक लहान पोरांबरोबर खालच्या वर्गात बसला आणि तिथून शिकत शिकत 1930 साली मोरहाउस कॉलेजचा पदवीधर झाला. त्यांच्या साऱ्या आयुष्यात मला ही चिकाटी फार मोठी वाटते.

एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक ए. डी. विल्यम्स यांची मुलगी अल्बर्टा हिच्याशी त्यांचं लग्न 1926 साली झालं. सासरे 1931 साली वारले आणि मंडळीने जावयाला पाळक केलं. आमची मंडळी बॅप्टिस्ट नाही. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, तर बॅप्टिस्ट विश्वास कबूल केलेल्या माणसालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. शिवाय त्यांच्यात पाळकाची बदली करणारा वरिष्ठ नसतो, मंडळीच पाळक निवडते. म्हणून डॅडी किंग 1975पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, एकाच पुलपिटावर उभे राहिले. ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांचीच लग्नं लावली आणि त्यांनाच मातीही दिली. दर काही वर्षांनी सामान बांधणाऱ्या आम्हाला याचा हेवा वाटावा. अल्बर्टाबाई तिथे ऑर्गन वाजवत आणि गायकवृंदही सांभाळत.

माणूस मोठा तापट. एकदा लहानग्या मार्टिनला घेऊन ते जोड्यांच्या दुकानात गेले आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या पुढच्या खुर्च्यांवर बसले. विक्रेत्याने अदबीनेच सांगितलं, मागे बसा, लगेच दाखवतो. किंग उठले, मुलाचा हात धरला आणि जोडे न घेताच बाहेर पडले. रस्त्याने चालताना बापाचा राग मावळेना, हे त्या मुलाने पुढे लिहून ठेवलं आहे. अन्यायापुढे मान तुकवायची नाही, हा पहिला धडा त्या दुकानातला.

पण हाच बाप 1956 साली घाबरला. माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध मुलाच्या नेतृत्वाखाली बसवर बहिष्कार चालू होता, मुलाच्या घरावर बॉम्ब पडला होता आणि तेव्हा घरात सून आणि तान्ही नात होत्या. मुलगा अटलांटात आला तेव्हा बापाने शहरातली वजनदार माणसं घरी बोलावली, याला परत जाऊ देऊ नका म्हणून. मुलगा म्हणाला, मला गेलंच पाहिजे. तेव्हा हा धिप्पाड पाळक रडला. मोरहाउसचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांनी मुलाची बाजू घेतली. मग किंग त्याच्यासोबत माँटगोमेरीला गेले. मला हे रडणं त्यांच्या कुठल्याही उपदेशाइतकंच खरं वाटतं. देवावरचा विश्वास आणि लेकरावरची माया एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि त्यांनी दोन्हींतलं काहीच सोडलं नाही.

पुढचं लिहिताना हात जड होतो. 4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये मार्टिनचा खून झाला. 1969च्या जुलैत धाकटा मुलगा ए. डी., तोही पाळक, पोहण्याच्या तलावात बुडून मेला. आणि 30 जून 1974, रविवार. उपासना चालू होती आणि अल्बर्टाबाई ऑर्गनपाशी बसल्या होत्या. एका कृष्णवर्णीय तरुणाने त्यांना तिथेच गोळ्या घातल्या.

हे प्रकरण मी आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या रविवारी कोण बसलं गं ऑर्गनवर?” मला उत्तर देता आलं नाही. पप्पांना मी विचारलं, तुम्हाला क्षमा करता आली असती का? ते म्हणाले, “बेटा, ते पुलपिटावरून सांगणं सोपं असतं.”

डॅडी किंग यांनी ती घरातून केली. मुलाचा मारेकरी म्हणून शिक्षा झालेला माणूस गोरा, बायकोचा मारेकरी काळा. दोघांपैकी कुणाचाही द्वेष करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बायकोच्या मारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली, तर त्यांनी फाशीलाच विरोध केला. जोड्यांच्या दुकानातून ताडकन उठणाऱ्या माणसाला हे सहज जमलं असेल असं मी मानत नाही. म्हणूनच त्यांची क्षमा मला दुबळी वाटत नाही. त्यांचा रागही त्यांच्या विश्वासाइतकाच जागा होता.

ते 1984 साली वारले. त्या तरुणाची फाशी त्यानंतर अकरा वर्षांनी, 1995 साली, जन्मठेपेत बदलली, आणि त्यामागे किंग कुटुंबाचा फाशीला असलेला विरोध हेही एक कारण होतं.