ओन्लीची जागा

बालाघाटच्या कोर्टाजवळ बसून मी मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, गोंदिया मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. शेती आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडे. तिकडचे वाटणीपत्र इकडच्या वादात निघते, आणि अपील जबलपूरच्या हायकोर्टात गेले की त्याचे इंग्रजी लागते.

असा कागद हाती आला की मी आधी 'च' शोधतो. 'शेत धाकट्यालाच द्यावे' म्हटले की थोरला बाद. 'शेतच धाकट्याला द्यावे' म्हटले की घर, बैलजोडी, दागिने यांवरचा धाकट्याचा हक्क गेला. 'द्यावेच' म्हटले तर बाद कुणीच नाही, फक्त टाळाटाळ बंद. तिथे 'च'साठी ओन्ली चालत नाही, 'मस्ट' लागते.

इंग्रजीतले ओन्ली असे चिकटून बसत नाही. बोलताना ते बहुधा क्रियापदाआधी येते आणि जोर कुठे आहे ते आवाज सांगतो. 'आय ओन्ली गेव्ह माय यंगर सन द फील्ड' म्हणजे फक्त शेत दिले, की फक्त धाकट्याला? अर्थ उघड असतानाही ओन्ली त्याच्या शब्दाशेजारीच हवे असा हट्ट धरणाऱ्यांची इंग्रजी कोशकार फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात थट्टा केली आहे. बोलण्यापुरते मला ते पटते. पण कागदाला आवाज नसतो. दोन्ही वकील त्यात आपापला घालतात. म्हणून मी 'टु माय यंगर सन ओन्ली' लिहितो, कानाला जड लागले तरी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००९ साली 'नोइंगली'वरून असाच वाद झाला. फ्लोरेस-फिगुएरोआ नावाच्या कामगाराने खोटी ओळखपत्रे वापरली होती; त्यांवरचे क्रमांक दुसऱ्या खऱ्या माणसांचे निघाले. कायद्यातला 'नोइंगली' म्हणजे 'जाणूनबुजून' हा शब्द नुसत्या वापरापुरता, की क्रमांक दुसऱ्याचा आहे इथपर्यंत पोचतो? पोचतो, असे न्यायालयाने ठरवले. दोन वर्षांची जादा कैद त्यावर अवलंबून होती.

मूळ लेखकच मोघम असला तर? 'फक्त शेत धाकट्याला द्यावे.' हा 'फक्त' शेताचा की साऱ्या वाक्याचा? तिथे मी इंग्रजीही तितकेच मोघम ठेवतो. निवाडा करणे माझे काम नाही. पक्षकारांना हे रुचत नाही. "भाऊ, तो शब्द थोडा आपल्या बाजूनं सरकवून द्या ना," म्हणतात. दोन्ही पक्षांचे लोक हेच म्हणतात.