झेनमधलं एस्टीमचं इंजिन

आज आमच्या झेनची गोष्ट सांगतो.

२००३ साली आम्ही १९९७ची जुनी मारुती झेन घेतली. नंबर केए-२५, रंग लाल. घर धारवाडात, नोकरी हुबळीत, त्यामुळे रोजची ये-जा. गाडी गुणी होती, पण चार माणसं बसली आणि एसी लावला की चढावर धाप लागायची. ९९३ सीसी, ५० अश्वशक्ती. ती तरी काय करणार?

गोकुळ रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी नाद लावला. एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन म्हणजे झेनच्या इंजिनाचं थोरलं भावंड, दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली. सिलिंडरचा व्यास ७२ मिमीचा ७४ होतो, पण पिस्टनचा स्ट्रोक ६१ वरून थेट ७५.५ मिमी. खरा ओढा तिथून येतो. मी विचारलं, "बसेल का?" ते हसून म्हणाले, "आगतद्री!" म्हणजे होतंय की.

बाबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "ओढणारं आणतोयस. थांबवणारं?"

मी म्हटलं, "ब्रेक चांगले आहेत की, बाबा." ते गप्प बसले.

२००५ मध्ये बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या गुजरीतून ६५ अश्वशक्तीचं जुनं इंजिन आणलं. क्लच प्लेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप असं बरंच काही बदललं. ब्रेक मात्र तेच ठेवले. आरटीओला कळवलं नाही. कोण बघतंय, असं वाटलं. पहिल्यांदा बायपासला गाडी सोडली तेव्हा मी शाळकरी पोरासारखा ओरडलो होतो!

त्याच दिवाळीत सगळे अंकोल्याला निघालो. यल्लापूर गेलं, अरबैल घाट सुरू झाला. गाडी उतारावर पळत होती, मी वळणावळणाला ब्रेक दाबत होतो. थोड्या वेळानं जळका वास आला. पुढच्या वळणाला पेडल दाबलं, तर गाडी हळू होईना. समोरून भरलेला ट्रक वर येत होता. मागून बाबांचा आवाज आला, शांत. "दुसरा गिअर टाक. हँडब्रेक हळू ओढ." गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली. आई देवाचं नाव घेत होती. धाकटी रडत होती. बाबा खाली उतरले, चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

दोष इंजिनाचा नव्हता, माझा होता. ६० वरून ८० वर गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोनपट लागते. ताकद वाढली तशी माझी सवय बदलली, ब्रेक होते तेवढेच राहिले. बाबा रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

परत आल्यावर ब्रेक नीट करून घेतले, गाडीही जपून चालवू लागलो. पण आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, हे डोक्यात टोचत राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी तेव्हा वाचलं. त्या घाटात कुणाला काही झालं असतं तर विम्यासमोर काय तोंड दाखवलं असतं?

२०१० मध्ये बाबा गेले. २०१२ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी आली. मिस्त्री म्हणाले, "जुनं इंजिन हवं बघा." मी म्हटलं, ते कधीच भंगारात गेलं असेल.

आई म्हणाली, "माळ्यावर बघ जरा."

पोत्यात गुंडाळलेलं ते इंजिन तिथं होतं. सिलिंडरमध्ये तेल सोडून तोंडं कापडानं बंद केलेली. नटबोल्टांच्या पुड्या वेगळ्या, प्रत्येक पुडीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: कुठला बोल्ट, कुठल्या जागेचा. मिस्त्री वाचत गेले, मी देत गेलो. एक बोल्टसुद्धा विकत आणावा लागला नाही.

झेन पुन्हा धापा टाकत चढ चढू लागली. मला ती आवडायला लागली होती.

तुमच्याही घरच्या माळ्यावर असं काही जपून ठेवलेलं सापडलंय का? असेल तर लिहा जरूर.