मडगार्ड कापण्याआधी

चि. ओंकार यास,



तुझा फोटो मिळाला. जिप्सीच्या चारही चाकांवरचा पत्रा ग्राइंडरनं कापलेला, तुकडे अंगणात पडलेले, आणि खाली तुझी ओळ: ‘मामा, आता एकतीसचे टायर आरामात बसतील!’ बसतील, बाबा. टायर बसतील की नाही याची मला कधीच शंका नव्हती. तू आधी मोजशील आणि मग कापशील अशी आशा मी आणि ताई दोघंही धरून होतो, एवढंच. तू विचारलंस काय, तर विंच साडेनऊ हजार पौंडांचा घ्यावा की बारा हजारांचा. त्याचं उत्तर पुढे येईल. आधी तुझ्या खर्चाच्या कागदाबद्दल बोलायचंय. टायर, लिफ्ट, लोखंडी बंपर, विंच, स्नॉर्केल, टपावरचा तंबू, दिव्यांची पट्टी. झाडून सगळ्या बाबी बाहेरून दिसणाऱ्या. ब्रेक, स्टिअरिंग, चासी यांतलं काहीच त्या कागदावर शोधून सापडलं नाही. १९९४ ची गाडी आहे ती. तुझ्याहून मोठी आहे आणि तिचं खालचं अंग तू अजून धुऊनसुद्धा पाहिलेलं नाहीस.

जिप्सीत मुळात चांगलं काय आहे हे एकदा ठरव, म्हणजे कशाला हात लावायचा नाही ते आपोआप कळेल. इंजिन? ९७० सीसी आणि ४५ अश्वशक्ती. आज कॉलेजातली मुलं चालवतात त्या छोट्या गाड्यांतही याहून जास्त जोर असतो. बसायची सोय? ती तुझ्या आजीला विचार. पाटे इतके कडक की रिकाम्या गाडीत रस्त्यावरचा खडा न खडा मोजता येतो. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी लष्करानं, वनखात्यानं आणि हिमालयातल्या रॅलीवाल्यांनी इतकी वर्षं डोक्यावर घेतली, त्याचं कारण तिचं वजन. टनाच्या आसपास. सुझुकीनं १९७० मध्ये एलजे१० नावाची जी पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी काढली तिला ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. अंगात जोर नसलेल्या गाडीनं डोंगर चढायचा तर अंगावर मांस नको, हा हिशोब तिथून सुरू झाला आणि एसजे४१० मधून आपल्या जिप्सीत आला. चाक चिखलात किती रुतणार, चढावर इंजिनाला किती ओढावं लागणार, उतारावर ब्रेकला किती धरावं लागणार, हे सगळं वजनावर ठरतं. आणि अडकलीच, तर हलकी गाडी गावातली चार माणसं हातानं काढून देतात. जड गाडीला दुसरी गाडी शोधावी लागते.

पुरावा हवा असेल तर चिलीतल्या ओहोस देल सालादो या ज्वालामुखीचा घे. २००७ च्या सुरुवातीला जीप रँग्लरवाल्यांनी तिथे ६,६४६ मीटर उंची गाठली आणि ‘इथे फक्त जीप उभ्या करायच्या, बाकीच्यांना इथवर येता येत नाही’ अशा अर्थाची पाटी रोवून आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोन्सालो ब्राव्हो आणि एदुआर्दो कानालेस हे दोघे सुझुकी समुराई घेऊन ६,६८८ मीटरवर पोचले. समुराई म्हणजे आपल्या जिप्सीची सख्खी बहीण. पुढे तो विक्रमही मोडला, पण मुद्दा तेवढ्यानं मोडत नाही. आता तू म्हणशील, मामा, ती समुराई मूळची कुठे होती, तिला सुपरचार्जर बसवला होता. होताच! पण का बसवला ते बघ. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही विरळ. इंजिनाला श्वास पुरत नव्हता, म्हणून श्वासाची सोय केली. अडथळा एक, त्याला बदल एक. तुझ्या कागदावर बदल भरपूर आहेत आणि अडथळा एकही लिहिलेला नाही. तू गाडी घालणार कुठे? इगतपुरीच्या मागच्या चिखलात, की मुळशीकडच्या दगडी वाटेवर, की नुसतीच सोसायटीच्या गेटासमोर?

टायरचंच घे. तुझ्या गाडीचा मूळ टायर साधारण २८ इंच उंचीचा. ३१ चा घातलास की आस जमिनीपासून दीड इंच वर जाते. फायदा एवढाच, आणि तो खरा आहे, मी नाकारत नाही. पण चाकाचा घेर दहा टक्क्यांहून जास्त वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. आधीच ४५ घोडे, त्यांच्यासमोर चढ आणखी उभा केलास. ब्रेकला तेवढंच जास्त बळ लागणार, आणि चाक जड झाल्यानं ते थांबवायला वेगळं. स्पीडोमीटर ५४ दाखवेल तेव्हा गाडी ६० नं पळत असेल. पुढच्या आसाचे जॉइंट मूळ टायरच्या हिशोबानं घडवलेले. मोठं चाक दगडात अडकलं आणि तू रागानं एक्सिलरेटर दाबलास की तुटणार ते तेच. मग तू दणकट आस शोधशील, त्यानं वजन वाढेल, मग पाटे बसतील, मग पाट्यांत आणखी एक पान घालशील. हे थांबत नाही, ओंकार. एक सुटा भाग मजबूत केला की ताण शेजारच्या भागावर जातो आणि त्याचं बिल पुढच्या महिन्यात येतं. गंमत म्हणजे या गाडीत गिअर लांब झाल्याचं औषध सोपं आहे: जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या छोट्या शाफ्टनं जोडलेला असतो. तेवढाच खाली उतरवून आत खालच्या रेशोचे गिअर घालता येतात. बाहेरून काडीचंही दिसत नाही. म्हणूनच बहुधा तुझ्या कागदावर ते नाही!

टायर रुंदही पाहिजेत म्हणतोस. आपल्याकडे पावसाळ्यात बहुतेक वाटांवर वर चार बोटं लाल राड आणि खाली मुरूम किंवा जांभा असतो. तिथे अरुंद टायर राड कापून खालच्या घट्ट जमिनीला धरतो, रुंद टायर वरच्यावर घसरत बसतो. खोल मऊ वाळूत किंवा काळ्या मातीत गोष्ट उलटी, पण त्यालाही फुकटचा उपाय आहे. टायरमधली हवा कमी कर. पंधरा-सोळा पौंडांवर आणलास की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. परत रस्त्यावर येताना हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ असला की झालं. फार खाली जाऊ नकोस, वळणावर टायर रिमवरून सुटतो. आणि विषय निघालाच आहे तर, सड्यांवर गाडी घालायची नाही. कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं उगवतात, तिथे एकदा चाक फिरलं की पुढची कित्येक वर्षं तो चर तसाच राहतो. वेळासकडच्या पुळणीवर तर मुळीच नाही. कासवं अंडी घालतात तिथे.

आता लिफ्ट. पाटे आसाच्या खालून काढून वर बसवायचे आणि एका दिवसात पाच इंच मिळवायचे, असं तुझ्या मिस्त्रीनं सांगितलं. मिळतात. पण सोबत काय काय मिळतं ते त्यानं सांगितलेलं दिसत नाही. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप बाजूला ओढते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे रबरी पाइप लांबीला पुरत नाहीत, चाक लोंबकळलं की ताणले जातात. जोर लावला की आस पाट्यांसकट पिळवटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उंची. समज, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे आणि दोन चाकांमधलं अंतर १३००. हा माझा अंदाज आहे, पण हिशोब समजायला पुरेसा. उभ्या जागी अशी गाडी ४५ अंश कलंडली की उलटते. गुरुत्वमध्य १२५ मिलिमीटर वर गेला तर तीच ४० अंशांत जाते. वळणावर, वेगात, पाटे एका बाजूला दबलेले असताना तर कितीतरी आधी. हे माझं भित्रेपण नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकानं मूळच्या, काहीही न बदललेल्या समुराईला उलटण्याच्या धोक्यावरून नापास केलं होतं. सुझुकीनं त्यांच्यावर खटला भरला, तो २००४ मध्ये तडजोडीनं मिटला. खरं कोण यावर अजून लोक भांडतात. पण आपल्याकडे कंपनीनं १९९३ मध्ये काय केलं ते बघ. दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं. तुझी गाडी त्या वाइडट्रॅकपैकीच. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी पसरून दिलेली गाडी तू एका दुपारी पुन्हा उंच करणार, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर घरची माणसं बसणार.

विंचचं उत्तर आता. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारा विंच पुरतो. जिप्सी माणसं-सामानासकट दीड टन धर. त्याच्या दीडपट म्हणजे सव्वादोन टन, साधारण पाच हजार पौंड. सहा हजारांचा घे, बारीक दोराचा, आणि सोबत एक कप्पी. कप्पीतून दोर परत आणला की ओढ जवळपास दुप्पट होते. साडेनऊ आणि बारा हजारांचे विंच ज्या गाड्यांसाठी असतात त्यांचं वजन तुझ्या गाडीच्या दुप्पट असतं. तुझ्या यादीचं वजन मी अंदाजानं मांडलं: जाड बंपर, मोठा विंच, टपाचा सांगाडा, तंबू, पाच टायरांचा वाढीव भार. सव्वादोनशे किलोच्या आसपास गेलं. म्हणजे तीन धडधाकट माणसं कायमची गाडीत बसवलीस, त्यांतलं एक टपावर.

तू म्हणशील, गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजला येणाऱ्या गाड्या बघा, सगळ्या उंच, सगळ्यांना विंच. २०१४ पासून भर पावसात होते ती स्पर्धा, आणि त्या गाड्या खरोखर थोर असतात. पण त्या एका हिशोबानं मुळापासून बांधलेल्या असतात; आस, गिअर, पिंजरा, ब्रेक, सगळं एकमेकांना जुळवून. बऱ्याचशा तिथवर ट्रकवरून येतात, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, बाजूला मदतीची माणसं. तू कसारा घाटातून, रात्री, कंटेनरांच्या मधून येणार. त्यांच्याकडून बंपर उचलू नकोस, जुळवणीची अक्कल उचल. गाडी आधी मूळपदावर आण म्हटलं की येणारा तुझा दुसरा ठरलेला आक्षेप मला पाठ आहे: मूळपदावर आणलेली गाडी म्हणजे म्युझियमचा माल. अरे, मूळपदावर आण म्हणजे तिथेच थांब असं कोण म्हणतंय? जीर्ण गाडीवर केलेला बदल चांगला की वाईट हे कळतच नाही. गाडी डावीकडे ओढते ती लिफ्टमुळे की किंगपिनच्या झिजलेल्या बेअरिंगमुळे, सांग कसं ओळखणार?

कायद्याचंही ऐक, कारण तू एस्टीमचं इंजिन घालायच्या गोष्टी करतोयस असं कानावर आलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दर पाच वर्षांनी तुला गाडी आरटीओत उभी करायची आहे. दंड भरशील रे, तू कमावतोस. पण न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा कंपनीनं हात वर केले, तर समोरच्या जखमी माणसाला काय सांगशील?

टायरची ऑर्डर रद्द होते का बघ. आगाऊ पैसे गेले तर जाऊ देत. ते नाना पेठेत ब्रेकचे सिलिंडर, सगळे रबरी आणि लोखंडी पाइप, क्रॉस, बुश, ऑइल सील यांवर घाल. अंगावरचा पत्रा एखादा पेंटर लांबी भरून आरशासारखा करून देईल, त्याला भुलू नकोस. मॅट उचल, पायाखालचा पत्रा आणि मागचा आडवा चॅनल हातोडीनं ठोकून बघ. आवाज बद्द आला तर गंज आतून खातोय. स्नॉर्केल राहू दे, तुझ्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर पाण्याच्या पहिल्या फवाऱ्यालाच बंद पडेल. आधी तो झाक, आणि दोन्ही डिफरन्शिअलच्या ब्रीदरला नळी लावून वर घे, नाहीतर ओढा ओलांडला की गिअर ऑइलचा चहा होतो.

शनिवारी घरी येतोयस असं ताई म्हणाली. जिप्सी आणणार असशील तर त्याआधी एक काम कर. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो ती जागा रॉकेलनं स्वच्छ धू, पुसून कोरडी कर, कुणाला तरी गाडी जागच्या जागी ठेवून चाक डावी-उजवीकडे फिरवायला सांग आणि तू खाली पडून बॅटरीच्या उजेडात बघ. या गाड्यांची चासी तिथेच तडकते, मोठ्या टायरांनी लवकर. केसाएवढी रेघ दिसली तरी गाडी हलवायची नाही, एसटीनं ये. रेघ नसली तरी फोन कर. फोटो पाठवू नकोस, फोटोत तडा दिसत नाही.

तुझा,
मामा