आमची भाची रात्री काय करते?

आमच्या नातेवाईकांत सध्या एक विषय चघळला जातो आहे. पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत असलेली माझी भाची महिन्यातून एखाद-दोन शनिवारी रात्रभर काम करते, हे बऱ्याच जणांना पसंत नाही. लेकरू लहान आहे, सोडून दे नोकरी, असा सल्ला तिला येता-जाता मिळतो. ती नेमके काय करते, हे मात्र यातल्या कुणीच विचारत नाही. मी विचारले. इतकी वर्षे मास्तरकी केली, त्यामुळे समजेपर्यंत विचारत राहायची खोड आहे. तिनेही न कंटाळता सांगितले. ते माझ्या परीने इथे मांडतो.

दुकानाचा संगणक, गोदामाचा, पैसे चुकते करणारा, असे सगळे वेगवेगळे. ते एकमेकांशी थेट बोलू लागले, तर एक बंद पडला की दुसरा खोळंबतो. म्हणून मधे एक निरोप्या ठेवतात. त्याला मिडलवेअर म्हणायचे. आता हे काम आपल्याकडे एसटीने वर्षानुवर्षे केलेच आहे की! खेड्यातली आई सकाळी भाकरीचा डबा ड्रायव्हरच्या हाती देते आणि शेतावर निघून जाते. तालुक्याला शिकणारा मुलगा सवडीने स्टँडवर येऊन तो घेतो. दोघांनी एकाच वेळी समोरासमोर असायची गरज नाही. माझ्या वर्गात असे डब्यावरचे विद्यार्थी पुष्कळ असत. गाडी चुकली की पोरगा उपाशी. तो दुपारच्या तासाला कसा बसतो, हे मी पाहिले आहे.

एसटीची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही बरं का. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे अमेरिकेत गेले आणि त्यांनी शेअरबाजारातल्या संगणकांना जोडणारे असेच सॉफ्टवेअर बनवले. त्याचे नावच 'इन्फर्मेशन बस'. १९९७ साली त्यांनी काढलेल्या टिबको कंपनीच्या नावातही ती बस आहे. आणि आपल्या राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर या रस्त्यावर. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तो मान आपलाच!

भाचीच्या कंपनीत 'काफ्का' नावाचा निरोप्या आहे. लिंक्डइन कंपनीत तो तयार झाला आणि २०११ साली सर्वांसाठी खुला केला गेला. नाव फ्रान्झ काफ्का या लेखकावरून ठेवलेले. हा डब्यापेक्षा आपल्या शाळेतल्या सूचना वहीसारखा आहे. डबा एकाने खाल्ला की संपला. सूचना वही शिपाई वर्गावर्गात फिरवतो, प्रत्येक शिक्षक वाचून सही करतो, तरी सूचना वहीत राहतेच. रजेवरून आलेला शिक्षक आपली शेवटची सही शोधतो आणि तिथून पुढे वाचू लागतो. काफ्काही प्रत्येकाने कुठवर वाचले याची खूण ठेवतो.

१८ मार्च २०२५ रोजी याची ४.० ही आवृत्ती आली. तिच्यात नवे काय, ते मला शाळेच्याच भाषेत कळले.

पहिले असे, की पूर्वी यातल्या सर्व्हरांवर देखरेख ठेवायला 'झूकीपर' नावाचा वेगळा रखवालदार असे. तो आता पूर्ण काढून टाकला. सर्व्हरांतलेच काही जण आपापसांत प्रमुख निवडून कारभार बघतात. दुसरे, काम करणारा एखादा गळाला किंवा नवा आला की पूर्वी वाटणी नव्याने करताना बहुधा साऱ्यांचेच काम थांबे. म्हणजे एक शिक्षक रजेवर, म्हणून सगळे वर्ग थांबवून वेळापत्रक लिहायचे! नव्या पद्धतीत ज्याची वाटणी बदलते तेवढ्यालाच हलवतात, बाकीचे तास चालू. तिसरी सोय ४.० मध्ये अजून चाचणीपुरतीच होती. पूर्वी एका गटात उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा एकाच परीक्षकाकडे जाई. आता एकाच गठ्ठ्यातून अनेकांनी एकेक पेपर उचलायचा आणि तपासला की तशी नोंद करायची.

हे सगळे चांगलेच. पण झूकीपर असलेल्या जुन्या व्यवस्थेवरून ४.० वर एकदम उडी मारता येत नाही. आधी ३.९ सारख्या मधल्या पायरीवर थांबून कारभार नव्या पद्धतीकडे सोपवायचा, मग वर चढायचे. फार जुन्या, म्हणजे २.१ च्या आधीच्या प्रोग्रॅमशी तर ४.० बोलतच नाही. ते आधी हुडकून काढायचे. हे सारे चालू गाडीत करायचे, म्हणून जेव्हा वर्दळ कमी तेव्हा, शनिवारी रात्री. एखादा निरोप हरवला तर कुणाचे पैसे जातात आणि माल येत नाही. तोच निरोप दोनदा गेला तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती.

मी विचारले, "मग सगळं नीट झालं की साहेब काय म्हणतात?"

ती म्हणाली, "काही नाही मामा. सोमवारी कुणाला काही कळलंच नाही, म्हणजे आमचं काम चांगलं झालं. घरीसुद्धा तसंच. मी जागी होते एवढंच सगळ्यांना दिसतं."

हे शेवटचे वाक्य मला लागले. डबा वेळेवर पोचला त्या दिवशी ड्रायव्हरचे नाव कुणी काढत नाही, चुकला की सारा गाव बोलतो. तिला या कामात गोडी आहे, ती ते मन लावून करते. नोकरी ठेवायची की सोडायची, हे तिचे तिने आणि जावईबापूंनी ठरवावे.

पुढच्या अशा शनिवारी मी आणि आमची सौ. पुण्याला जाणार आहोत, नातवाला सांभाळायला. ज्यांना तिला अजून सल्ला द्यायचा असेल त्यांनीही जरूर यावे. येताना डबा मात्र घेऊन यावा, त्या रात्री तिला स्वयंपाकाला सवड नसते.