गांग

एकदा खनिजाविषयीच्या एका इंग्रजी टिपणाचे मराठी करायचे काम माझ्याकडे आले. कला शाखेचा पदवीधर म्हणजे मराठी चांगले असणार, हा साहेबांचा समज. टिपणात 'गँग' हा शब्द होता. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन अक्षरे जास्त होती, ती मला टायपिंगची चूक वाटली. मी बिनदिक्कत 'टोळी' लिहिले. साहेब हसले, "अहो, खनिजात टोळी कसली?" मग शब्दकोश उघडला.

शब्द मूळचा जर्मन, 'गांग'. अर्थ साधा: चालणे, चाल. आपल्याकडे गाण्याला चाल असते, सोंगटीला असते, तसाच हा शब्दही बऱ्याच घरांत वावरतो. इंजिनिअरकडे गांग म्हणजे गाडीचा गिअर. स्क्रूच्या आट्याचा एक वेढाही गांगच. स्क्रू झिजला की थोडा नुसताच फिरतो, पुढचे काही हलत नाही. त्या फुकट फिरण्याला जर्मन लोक 'मेलेला गांग' म्हणतात!

भूगर्भशास्त्रात मात्र गांग म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेली खनिजाची शीर. खाणवाल्यांचे सारे लक्ष तिच्यावर. फ्रायबर्गच्या खाण अकादमीतले प्राध्यापक वेर्नर यांनी १७९१ साली या शिरांच्या उत्पत्तीवर ग्रंथच लिहिला. भेगा वरून, पाण्यातल्या साक्यामुळे भरल्या असे त्यांचे म्हणणे. ते टिकले नाही. बहुतेक शिरा खालून चढणाऱ्या उष्ण द्रावणांनी भरतात.

गंमत पुढेच आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि त्याचा अर्थ झाला धातूबरोबर निघणारा निरुपयोगी दगड. घरी लक्ष्मी, परक्या दारी केर! आपल्या गोव्यातले लोहखनिज शिरांत नसते, थरांत असते. त्यातले सिलिका, अॅल्युमिना ते इंग्रजी 'गँग'. पण हलके खनिज म्हणून ज्याचे डंप रचले, तेच २००० नंतर चीनची मागणी वाढताच बोटीत चढले. दगड तोच, भाव बदलला.

आमच्या दादाने त्याच दिवसांत कर्ज काढून ट्रक घेतला होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. दर रविवारी तो ट्रक सुरू करायचा, पहिल्या गिअरात दोन हात पुढे न्यायचा, परत मागे घ्यायचा. का, तर टायर एकाच जागी बसू नयेत.

मी 'टोळी' खोडून 'टाकाऊ दगड' लिहिले आणि हौसेने दादाला सगळी हकिगत सांगितली.

"टाकाऊ कोणी ठरवला रे?" तो म्हणाला. "माझे निम्मे हप्ते त्या डंपावरच फिटले."