मोजक्या पृष्ठांचे घर

मराठीत 'हौस' हा शब्द मोठ्या लाडाचा आहे. त्यावरून झालेले 'हौशी' हे विशेषण मात्र तितके भाग्यवान नाही. हौशी नट, हौशी गायक, हौशी चित्रकार असे म्हणताना बोलणाऱ्याच्या स्वरात एक सवलत डोकावते. काम बरे आहे, पण त्याला फार कसाला लावू नये, असे त्यात सुचवलेले असते. 'हौसेला मोल नाही' या म्हणीतूनही दोन अर्थ काढता येतात. हौसेपायी झालेल्या खर्चाचा हिशेब मांडू नये, हा एक. आणि हौसेने केलेल्या वस्तूला बाजारात किंमत नसते, हा दुसरा. साठी उलटल्यावर केवळ स्वतःच्या आनंदासाठी संगणकावर त्रिमितीय आकृती घडवायला शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ एकदमच येतात.

या कलेचा एक प्रकार 'लो पॉली' या नावाने ओळखला जातो. पॉली म्हणजे पॉलिगॉन, अर्थात बहुभुज. संगणकाच्या पडद्यावरील त्रिमितीय वस्तू सामान्यतः तीन घटकांनी बनलेली असते : बिंदू, दोन बिंदूंना जोडणारी कड, आणि कडांनी वेढलेले पृष्ठ. साध्या ठोकळ्याला 8 बिंदू, 12 कडा आणि 6 पृष्ठे असतात. 20 त्रिकोणी पृष्ठांचा गोल बराच खडबडीत दिसतो. प्रत्येक त्रिकोणाचे चार भाग केले की पृष्ठे 80 होतात, पुन्हा केले की 320, आणि गोल हळूहळू गुळगुळीत होत जातो. लो पॉलीचा कारागीर या वाटेवर लवकर थांबतो. कडा लपवण्याऐवजी तो त्या उघड्या ठेवतो. प्रत्येक पृष्ठ सपाट राहते आणि प्रकाशाची आपापली छटा धारण करते.

हे थांबणे एके काळी ऐच्छिक नव्हते. 1972 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी एक फोक्सवागन बीटल मोटार संगणकात उतरवली. त्यासाठी त्यांनी गाडीच्या पत्र्यावरच बिंदू व रेषा आखल्या आणि प्रत्येक बिंदूचे स्थान हाताने मोजून घेतले. पुढे 1993 साली 'व्हर्च्युआ फायटर' हा खेळ आला, 1994 साली जपानमध्ये प्लेस्टेशन हे यंत्र विक्रीस आले. त्यांतील माणसे कोनाकोनांची दिसत, कारण यंत्राला त्याहून अधिक त्रिकोण झेपत नसत. आजची यंत्रे एकेका दृश्यात लक्षावधी त्रिकोण सहज रेखाटतात. तरीही अनेक जण मोजक्या त्रिकोणांतच रमतात. जे काल यंत्राचे दारिद्र्य होते, ते आज कलावंताने पत्करलेले व्रत झाले आहे. मुक्तछंद हाताशी असताना एखाद्या कवीने अभंगाचे माप स्वीकारावे, तसेच हे आहे.

इंदुरातील एका निवृत्त शिक्षिकेने हे व्रत घेतले, ते एका घरासाठी. त्यांचे माहेर म्हणजे शहराच्या जुन्या भागातील एक मराठी वाडा. तो पाडला गेला त्याला बरीच वर्षे झाली. लग्नकार्यांची छायाचित्रे होती, पण त्यांत माणसे होती; घर त्यांच्या पाठीमागे कुठेतरी, अर्धेमुर्धे. बाईंना ते घर पुन्हा पाहायचे होते. नातवाने संगणकावर ब्लेंडर घालून दिले. नेदरलँड्समध्ये 1994 साली जन्मलेले हे साधन 2002 साली लोकवर्गणीतून 1,00,000 युरो जमल्यावर सर्वांसाठी खुले झाले. 2025 साली ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियाचा चलच्चित्रपट याच साधनावर तयार झाला आहे. बाईंना त्याचे अप्रूप नव्हते. फुकट आहे आणि सुटले तर पुन्हा धरता येते, एवढे त्यांना पुरेसे होते.

पहिले काही आठवडे माउसचे मधले बटण वळणी पडण्यातच गेले. एकदा भिंत उभी केली तर तिच्यावर काळा डाग पडल्यासारखे दिसू लागले. पृष्ठाला पोट असते तशी पाठही असते, आणि ते उलटे बसले की उजेड त्याच्यावर नीट पडत नाही, हे शोधायला एक दुपार लागली. खांबासाठी साधनाने आपण होऊन 32 बाजूंचा दंडगोल दिला. बाईंनी तो 6 बाजूंवर आणला, आणि खांब ओळखीचा वाटू लागला. संपूर्ण वाडा 800 त्रिकोणांत बसवायचा, अशी मर्यादा त्यांनी स्वतःलाच घालून घेतली होती.

खरी अडचण आली ती ओट्याच्या पायऱ्यांपाशी. ज्या पायऱ्या हजारदा चढल्या-उतरल्या, त्या किती होत्या, हे आठवेना. मोजक्या पृष्ठांच्या कामात 'बऱ्याच होत्या' हे उत्तर चालत नाही. शेवटी त्यांनी ग्वाल्हेरला थोरल्या बहिणीला फोन केला.

"ताई, ओट्याच्या पायऱ्या किती गं होत्या?"

"चार. म्हणजे खरं तर पाच. सगळ्यांत खालची फुटकी होती ना, ती आई मोजायचीच नाही."

धाकटीला हे ठाऊक नव्हते. फुटकी पायरी दाखवायची तर तिचा कोपरा तोडायला हवा, आणि तोडलेला कोपरा अखंड कोपऱ्यापेक्षा अधिक त्रिकोण खातो. 800 चा आकडा तर भरत आलेला. बाईंनी खांबांच्या माथ्यावरची कोरीव कमळे काढून टाकली. वाड्याची शोभा त्या कमळांत होती आणि पाहुणे त्यांचीच वाखाणणी करीत. पण आई रोज पाय उचलून जी ओलांडीत असे, ती पायरी राहिली.

कलेच्या चर्चेत 'निवड' हा शब्द आपण सढळपणे वापरतो. निवड म्हणजे काही गमावणे, याची प्रचिती मात्र साधने मर्यादित असतानाच येते. आज जुन्या माळवी वाड्याचे वर्णन दोन ओळींत टंकित केले, तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात त्याचे देखणे चित्र काढून देते. त्यात कमळे असतील, कदाचित मूळच्यांहून सुबक. पण पायऱ्या किती, हा प्रश्न तेथे कोणाला पडणार नाही. आणि न पडलेल्या प्रश्नासाठी कोणी बहिणीला फोन करणार नाही. तयार चित्र मिळाल्याने पाहण्याचे श्रम वाचतात. हौशी माणसाला नेमके तेच श्रम हवे असतात.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची प्रयोजने सांगितली, तेव्हा यश आणि धन यांना त्यांत स्थान दिले. तथापि तत्काळ लाभणाऱ्या परम आनंदाला त्याने सर्व प्रयोजनांच्या मस्तकी बसवले. तो आनंद आपण बहुधा रसिकाच्या खात्यावर जमा करतो. प्रेक्षक नसलेल्या, विक्रीस न निघणाऱ्या अशा निर्मितीत तो करणाऱ्याच्याच वाट्याला येतो, आणि त्याचे स्वरूप साध्या करमणुकीहून निराळे असते. एखादी वस्तू प्रथमच नीट पाहिल्याचा तो आनंद असतो. हौशी कामाला सवलत देण्याचे कारण नाही ते यासाठी. त्याला कसाला जरूर लावावे. फक्त कस लावताना करणाऱ्याने काय पाहिले आणि त्यासाठी काय सोडले, हे विचारावे.

बाईंचा वाडा 796 त्रिकोणांत पूर्ण झाला. ताईंना तो मोबाइलवर पाठवला, तेव्हा त्यांनी कमळांविषयी काही विचारले नाही. न्हाणीघराचे दार आत उघडायचे, बाहेर नव्हे, एवढेच कळवले. चार त्रिकोण शिल्लक आहेत. आणि दार फिरवायला तेवढेही लागत नाहीत.