काकूंना तळं हवं होतं

"सक्करदऱ्याच्या तळ्याला पाणी किती आहे गं?"

काकूंच्या पत्रात एवढी एकच ओळ होती. खाली नुसती सही.

काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. वय ८६, मुक्काम चिपळूण. कान पार गेलेत, त्यामुळे फोनवर "हॅलो, हॅलो" पलीकडे काही होत नाही. आमच्यात राहिलंय ते पत्र. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, तेही मीच बिघडवलं होतं. दर महिन्याला एक कार्ड, "आम्ही सर्व खुशाल, तब्येत जपा." नाव झाकलं तर कुणीही कुणालाही धाडावं असं! तीन महिने त्यांचं उत्तर आलं नाही. मग लेकीकडे नागपूरला निघाल्याचं कळवलं, तेव्हा ही ओळ आली. सक्करदरा त्यांचं माहेर ना!

बुधवारी सकाळी मुद्दाम निघाले. उमरेड रस्त्यावर आता उड्डाणपूल आहे, काकूंना तो ओळखू येणार नाही. भोसल्यांचं नाव मात्र इथे पावलोपावली. ताजुद्दीनबाबांना रघुजीराजांनी १९०८ साली आपल्या इथल्या वाड्यात आणलं, बाबांनी १९२५ मध्ये देह ठेवला तोही इथेच. भोसलेकालीन तळं घरांच्या गराड्यात अंग चोरून बसलंय. पाणी आहे, पण काठ सोडून आत सरकलेलं.

तिथून बुधवार बाजारात. तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग, सोले काढून ठेवलेले वाटे. मी कोथिंबीर मागितली तर भाजीवाली म्हणाली, "सांबार म्हना ना बाई! पुन्याच्या दिसता." हसू आलं. पिशवीत इनलँड होतं, तिथेच ओट्यावर बसून लिहायला घेतलं.

नागपुरात पत्रं म्हटलं की 'कुसुमानिल' आठवतंच. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार. लग्न १९२९ चं, पुस्तक निघालं १९७२ मध्ये, कुसुमावती गेल्यावर अकरा वर्षांनी. आपल्याला काही तसं लिहायचं नाही हं! पण ती पत्रं एकाच माणसाला उद्देशून आहेत, सगळ्यांना खुशाली कळवायला नाहीत. मी आजवर काकूंना नव्हे, पत्त्याला लिहीत होते.

या खेपेला तब्येतीचं अक्षर लिहिलं नाही. पाणी कुठवर, सोल्यांचा वाटा केवढ्याला, 'सांबार'ची फजिती. काकूंना भिंगाने वाचावं लागतं, म्हणून अक्षर मोठं आणि ओळी सुट्या. उड्डाणपूल लिहावा की नाही, यावर बराच वेळ थांबले. लिहिला.

बारा दिवसांनी उत्तर आलं. कार्ड काठोकाठ भरलेलं, पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी.

"पुलाचं राहू दे. तळ्याकाठी आमच्या वेळी चिंच होती, ती आहे का? आणि सोल्यांच्या भाजीला तू वांगं घातलंस की नाही?"

चिंच बघायला उद्या पुन्हा जायचंय.